लपणारं दार आणि बनाबाईंचा दांडा

खामगावच्या कर्मचारी कॉलनीत प्रेमानंदराव हिवराळ्यांचं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जाई. एक, जमीन मोजणीच्या खात्यात उभी हयात काढूनही त्यांच्या अंगावर आजवर एकही शेतकरी कुऱ्हाड घेऊन धावला नव्हता. दोन, त्यांच्या बाथरूमचं दार भिंतीत जायचं. पहिल्या गोष्टीचं कौतुक एकट्या प्रेमानंदरावांना होतं. दुसरी गोष्ट बघायला मात्र लोक पार घाटपुरीकडून यायचे.

या दाराची कथा अशी की घर बांधून झालं, रंग देऊन झाला, आणि मग कळलं की बाथरूमचं दार आत उघडलं तर कमोडवर आपटतं आणि बाहेर उघडलं तर फ्रीजवर. दिवसभर लोकांच्या शेतांचे धुरे-बांध मोजणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरात हात-दीड हाताचा हिशेब चुकावा, ही गोष्ट बाहेर जाण्यासारखी नव्हती. तेव्हा मॉड्युलर फर्निचरवाल्या हर्षलने त्यांची लाज राखली. बाथरूमच्या दाराला लागून असलेली विटांची भिंत त्याने पाडली, तिथे प्लायवूडचे दोन पडदे उभे केले, मधे पोकळी ठेवली आणि वर रूळ बसवून दार त्या पोकळीत सरकतं करून दिलं. बोटाने ढकललं की दार भिंतीत गडप, बोटाने ओढलं की हजर. कॉलनीने त्याला 'लपणारं दार' असं नाव दिलं. प्रेमानंदरावांकडे चहाला आलेल्या पाहुण्याला, त्याची इच्छा असो-नसो, एकदा तरी बाथरूमला जाऊन यावं लागे.

हे सगळं मजेत चाललं असताना प्रेमानंदरावांची आई बनाबाई अकोल्याला लेकीकडे, योगिनीकडे, गच्चीवर कुरडया वाळत घालताना पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, वॉकर आला. महिनाभराने बनाबाईंनी स्वतः फोन केला.

"पेमा, आईक. मी रयवारी घरी येऊन राह्यली. डाक्टरनं सांगतलं का कमोडच्या उजव्या अंगाले भितीत लोखंडी दांडा पायजे. तो धरून बसाचं अन् तो धरूनच उठाचं."

"माय, दांडा कायले पायजे? समता हाय, मी हाव. आमी धरू ना तुले."



"मले धराचं नाई," बनाबाई म्हणाल्या. "योगिनीनं धरलं महिनाभर. लेक हाय, तिले बोलता येत नाई. पन आता बस झालं. दांडा नसंन तं मी गाडीतून उतरत नाई. डायवरले सांगीन, बाप्पा, तसाच वरवट बकालले चाल."

वरवट बकालचं घर म्हणजे वडील गेल्यापासून कुलूप लागलेल्या दोन खोल्या. संडास अंगणाच्या टोकाला, पायऱ्या चढून, आणि त्या पायऱ्यांच्या फरशा हलणाऱ्या. खुब्यात स्टीलचा गोळा घेऊन तिथे एकटीने राहायचं म्हणजे काय, हे प्रेमानंदरावांच्या डोळ्यांपुढे लगेच उभं राहिलं. आणि ही नुसती धमकी नाही हेही त्यांना ठाऊक होतं. बनाबाई तरुणपणी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होत्या. मुकादमाने एकदा दंडाला धरून रांगेत लोटलं, तेव्हा बाई तिथेच फाटकापाशी बसल्या, त्यांच्यामागे साऱ्या बाया बसल्या, आणि मुकादमाने हात जोडेपर्यंत जिनात सरकीचा एक दाणा हलला नाही. अशा बाईला 'आम्ही धरू' म्हणणं हीच मुळात चूक होती.

"लागंन दांडा," प्रेमानंदराव म्हणाले. "तू ये."

फोन ठेवून ते बाथरूममध्ये गेले, कमोडवर बसले आणि उजवा हात लांब करून भिंतीला टेकवला. उजवीकडची भिंत म्हणजे तीच. पोकळ. लपणाऱ्या दाराची. डावीकडे विटांची चांगली भक्कम भिंत होती, पण ती आंघोळीच्या जागेपलीकडे, आणि बनाबाईंचं डावं मनगट जुनं मोडलेलं. त्या हाताने त्यांना भाकरीसुद्धा थापता येत नसे.

हर्षल आला. त्याने भिंतीवर टिचकी मारली, भिंतीने डब्यासारखा आवाज केला.

"सर, टेन्शन नका घेऊ. पोकळ भिंतीचे स्पेशल बोल्ट येतात. आत गेले की छत्रीसारखे उघडतात. पाकिटावर लिहिलंय, एकशे वीस किलो."

आता पाकिटावर लिहिलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायचा की नाही, हा ज्याच्या-त्याच्या संस्काराचा प्रश्न आहे. आपल्याकडे नागपंचमीचा झोका बांधला की बायापोरींना बसवण्याआधी गावातला सगळ्यात वजनदार गडी दोराला लटकून बघतो. दोर टिकला तर झोका सुरू. मग दोराच्या कंपनीने काय छापलं आहे ते कुणी वाचत नाही. प्रेमानंदरावांच्या शेजारी राहणारे तुळशीराम ढगे, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर, हा मान त्यांच्या गावात वर्षानुवर्षं मिरवत आले होते. एसटीची सीट त्यांच्या मापाने दबली होती असं लोक सांगायचे. दांडा बसला, चकाकला, आणि प्रेमानंदरावांनी रीतीप्रमाणे तुळशीरामांना बोलावणं धाडलं.

तुळशीराम बनियनवर आले. त्यांनी दोन्ही हातांत थुंकल्यासारखं केलं, दांडा धरला आणि पाय वर उचलले.

दांडा टिकला. बोल्टही टिकले. एकशे वीस किलोच्या बाबतीत कंपनी खोटं बोलली नव्हती, हे नमूद करायला हवं. फक्त बोल्ट ज्या प्लायवूडला धरून होते ते प्लायवूड कोणालाच धरून नव्हतं. कडाडकन आवाज झाला, भिंतीचा दाराएवढा तुकडा दांड्यासकट आणि तुळशीरामांसकट खाली आला. तुळशीराम बादलीत बसले. हातात दांडा तसाच.

"मी काई नाई केलं, प्रेमानंदभौ," ते बादलीतूनच म्हणाले. "मी नुस्ता धरला."

भिंतीतल्या भगदाडातून लपलेलं दार सगळ्यांना दिसत होतं. तुळशीरामांना बादलीतून काढायला हर्षल आणि प्रेमानंदराव दोघे लागले, आणि तेवढ्यात अन्नपूर्णाबाई, तुळशीरामांच्या सौभाग्यवती, आवाजावरून धावत आल्या. नवऱ्याला काही झालं नाही एवढं पाहून त्यांनी भिंतीकडे मोर्चा वळवला.

"मी म्हनते, दार पायजेच कायले? काढून टाका ते. पडदा लावा. आमच्या माहेरी बाराही महिने पडदा होता. कोनी मेलं नाई."

इथून सल्ल्यांना जी सुरुवात झाली ती थांबेना. कोणी म्हणालं छताच्या हुकाला दोर बांधा, मायने दोर धरून उठावं. कोणी म्हणालं कमोडच फिरवून बसवा. एका निवृत्त हेडमास्तरांनी बाथरूममध्ये खुर्ची, खुर्चीला भोक आणि खाली भांडं अशी योजना आकृती काढून समजावली. शेवटी सगळ्यांची गाडी एकाच स्टेशनावर यायची: एक बाई ठेवा, ती धरेल.

"धराचं नाई!" प्रेमानंदराव ओरडले. आयुष्यभर भांडखोर भावांच्या मधे उभं राहून ज्यांनी कधी आवाज चढवला नव्हता, ते असे ओरडले की हेडमास्तरांची आकृती खाली पडली. "माय घरी येईन. दांडा लागंन. अन् दारही राहीन. दोन्ही राहीन! कोनाले पाहाचं असंन त्यानं रयवारी या."

समताबाई, त्यांची पत्नी, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण होत्या. त्यांनी नवऱ्याला स्वयंपाकघरात नेऊन पाणी दिलं.

"तुम्ही कॉलनीला आमंत्रण दिलंत," त्या म्हणाल्या.

"देल्लं."

"आपल्या बाथरूमचं."

प्रेमानंदराव पाणी प्यायले आणि त्यांनी ग्लास जरा जोरातच ठेवला.

यावेळी मात्र त्यांनी डोकं लावलं. एमआयडीसीत फाटकं बनवणारा एक फॅब्रिकेटर गाठला आणि त्याच्याकडून जाड लोखंडी पट्ट्यांची चौकट करून घेतली. खाली फरशीत रोवायची, वर छताला ठोकायची, मधे दाराला सरकायला फट. म्हणजे भार पडेल तो लोखंडावर, प्लायवूड फक्त तोंड झाकायला. चौकट हातगाडीवरून आली तेव्हा कॉलनीला वाटलं हिवराळ्यांनी घराला तुरुंगाचा दरवाजा करून घेतला.

आणि तेवढ्यात हरिओम आला. हा गृहनिर्माण संस्थेचा सेक्रेटरी. वयाने सगळ्यांत लहान. सभेत उशिरा आला म्हणून सेक्रेटरी झालेला, पण एकदा झाल्यावर मात्र अंगात भिनलेला.

"काका, भिंतीत लोखंड टाकताय म्हणे. भिंतीला हात लावायचा तर संस्थेची परवानगी लागते."

"अन् दाराले?"

"दाराला लागत नाही."

"मंग हे दार हाय."

"पण ते भिंतीत आहे ना, काका."

"भितीत दारच हाय. बाकी भित हाय कुठं? दोन फळ्या अन् हवा."

हरिओमने विचार केला आणि ज्या वेळी काही सुचत नाही त्या वेळी सेक्रेटरी जे करतो ते केलं: तातडीची सभा बोलावली. प्रश्न जागेवरच तपासायचा म्हणून सभा प्रेमानंदरावांच्या बाथरूमसमोर भरली. सभासद फ्रीजला टेकून, स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, एक जण वॉशिंग मशीनवर बसून. पोकळ भिंत ही भिंत धरावी की दार, यावर अशी काही चर्चा झाली की समताबाईंनी दोनदा चहा केला. एकाने विचारलं, दार आत गेल्यावर ती भिंत होते आणि बाहेर आल्यावर दार होतं, असं धरलं तर? हेडमास्तर म्हणाले, मग परवानगी दार बाहेर असताना लागणार नाही आणि आत असताना लागेल. हे सगळ्यांना पटलं, आणि त्यामुळे काहीच ठरेना.

 एका क्षणी प्रेमानंदरावांना स्पष्ट दिसलं की या लोकांना भिंतीचं काहीच पडलेलं नाही. हा निर्णय चहा संपेपर्यंत लांबणार आहे, आणि रविवारी त्यांची माय गाडीतून न उतरता निघून जाणार आहे. त्यांना राग आला. साधासुधा नाही, जिनिंगच्या फाटकाशी बसलेल्या बाईच्या पोटचा.

"आयका," ते उठून म्हणाले. "मी जलमभर लोकायच्या हद्दी मोजल्या. ज्याच्या दोन्ही अंगाले एकाच मानसाचा ताबा असते त्याले हद्द नाई म्हनत. याच्या इकडे माहं घर, तिकडे माहा संडास. मधात कोनाचं काय? सभेनं काय ठरवाचं ते ठरवा. मी उद्या भित उघडून राह्यलो."

"मग मला आक्षेप नोंदवावा लागेल," हरिओम म्हणाला.

"नोंदव. चहा थंडा होते, तो पेऊन नोंदव."

शनिवारी काम सुरू झालं. चौकट रोवली, छताला ठोकली, तुळशीरामांनी खांदा लावून बघितला, चौकट हलली नाही. आता राहिलं होतं नवं प्लायवूड ठोकणं, त्यावर पीव्हीसी शीट चिकटवणं आणि दांडा कसणं. इथे प्रेमानंदरावांच्या मनात त्या दाराविषयीची माया उफाळून आली. दार बाहेर राहिलं तर त्याला ड्रिलचा ओरखडा जाईल, लोखंड लागेल, टवका उडेल. कॉलनीला दाखवायचं दार.

"हर्षल, दार आत ढकलून ठेव. पार शेवटपर्यंत. सुरक्षित राहीन."

हर्षललाही ते बरंच वाटलं. दार ओढून घेतलं तर आत काम करताना हवा येत नव्हती. दार भिंतीत गडप झालं. मग हर्षलने, मागच्या खेपेची नामुष्की धुऊन काढायची म्हणून, चौकटीला स्क्रू मारून झाल्यावर मधल्या जागेतही स्क्रू मारले. आखूड नव्हे, लांब. "सर, आता हत्ती लटकला तरी चालेल," असं म्हणत त्याने ओळीने मारले, आणि प्रेमानंदराव प्रत्येक स्क्रूला समाधानाने मान हलवत राहिले. त्यावर शीट चिकटली, दांडा बसला, आणि हर्षल लोणारजवळ बीबी गावी मेहुण्याच्या लग्नाला निघून गेला.

रविवारी सकाळी कॉलनी जमली. आमंत्रणच होतं. तुळशीरामांनी यावेळी बादली स्वतः बाहेर नेऊन ठेवली, मग दांडा धरला आणि पाय उचलले. काही झालं नाही. त्यांनी अंगाला हेलकावे दिले. काही झालं नाही. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, "पुरे करा, छत पाडान," तेव्हा ते उतरले आणि घामेजल्या तोंडाने जाहीर केलं, "बसवा बायाले झोक्यावर!"

टाळ्या पडल्या. बाथरूमसमोर टाळ्या पडण्याचा प्रसंग खामगावात याआधी आला नसावा. हेडमास्तरांनी प्रेमानंदरावांचा हात हातात घेतला. हरिओमसुद्धा म्हणाला, "काका, आक्षेप सौम्य करतो." प्रेमानंदरावांना आपली छाती शर्टात मावत नाही असं वाटलं, आणि त्या भरात ते म्हणाले, "आता दारही पाहा," आणि त्यांनी बोटाने दार ओढलं.

दार आलं नाही.

त्यांनी दोन बोटांनी ओढलं. मग हाताने. मग तुळशीरामांनी पाय भिंतीला लावून ओढलं, तर दाराची मूठ त्यांच्या हातात आली. भिंत मात्र जराही हलली नाही, इतकं काम पक्कं होतं. प्रेमानंदरावांनी हर्षलला फोन लावला. मागे बँड वाजत होता.

"सर, दार आत होतं का स्क्रू मारताना?" हर्षलने विचारलं, आणि बँडच्या आवाजात उत्तरही त्यानेच दिलं. "सर, स्क्रू दारात गेले. त्यांच्या डोक्यांवर शीट चिकटवलीय. काढायचं म्हटलं तर दांडा सोडवून सगळंच उकलावं लागेल. मी येतो की सर, मंगळवारी. हळद फिटली की निघतो."

म्हणजे भिंत होती, दांडा होता, आणि दारही होतं. फक्त ते आता कायमचं लपलेलं होतं.  अन्नपूर्णाबाई घरी गेल्या आणि फुलाफुलांचा पडदा घेऊन आल्या. पडदा लावताना त्यांनी तो दोनदा झटकला.

"गाडी आली," समताबाई खिडकीतून म्हणाल्या.

अकोल्याची गाडी फाटकाशी थांबली. काच खाली झाली. बनाबाई आत बसल्या होत्या, पांढरं लुगडं, मांडीवर हात, गाडीतून उतरणारही नाही आणि परतणारही नाही असा चेहरा.

"हाय का दांडा?" त्यांनी विचारलं.

"हाय," प्रेमानंदराव म्हणाले. मग खोटं बोलवेना. "पन दार नाई राह्यलं, माय. ते भितीत फसलं. मंगळवारपर्यंत."

बनाबाईंनी लेकाकडे बघितलं. त्याच्या केसांत प्लायवूडचा भुसा होता, अंगठ्याला पट्टी होती, आणि पन्नाशीचा माणूस गाडीच्या काचेला धरून शाळेत नापास झाल्यासारखा उभा होता.

"लय तरास घेतला वाट्टे," त्या म्हणाल्या, आणि पाय बाहेर टाकला. ड्रायव्हरने हात पुढे केला, तो त्यांनी वॉकरने बाजूला केला.

घरात आल्या त्या थेट बाथरूमपाशी. दांडा पाहिला, हाताने दाबून पाहिला, मान हलवली. मग पडदा पाहिला. वॉकरच्या टोकाने तो जरासा उचलला.

"हे तं लुगडं हाय. याच्या अल्याड मी बसू अन् पल्याड तुमी पोहे खाऊन राह्यले?"

सगळ्या कॉलनीच्या हातात खरंच पोह्यांच्या बशा होत्या. कोणी घास गिळला नाही.

"आई, आम्ही मागच्या खोलीत जातो," समताबाई म्हणाल्या.

"मागच्या खोलीत कान नसतात का? घराले दार हाय ना? ते तं लागते ना?"

"हाव," प्रेमानंदराव म्हणाले.

"मंग चाला. सारे बाहीर. पेमा, तूही. समता, तूही. ज्यानं भित बांधली अन् ज्यानं भित पाडली, सारे."

"पण आत एकट्या? पडलात तर?" समताबाईंनी विचारलं.

"पडली तं हाक मारीन. हाक माराले मले कोनाच्या हाताची गरज नाई."

आणि कर्मचारी कॉलनी, पोह्यांच्या बशा हातात घेऊन, एकामागे एक घराबाहेर पडली. शेवटी प्रेमानंदराव. दार त्यांच्या पाठीमागे लागलं आणि आतून कडीचा आवाज आला.

उन्हात सगळे उभे होते. रस्त्यावरून जाणाऱ्या एका रिक्षावाल्याने वेग कमी करून विचारलं, "कोन गेलं, भौ?"  प्रेमानंदरावांचा जीव कानात आला होता. वॉकरची टकटक आत गेली, थांबली.  त्यांना वाटलं आपण मूर्ख आहोत. दार वाचवायला गेलो आणि मायला एकटं सोडलं. आतून कडी घातलेल्या घरात म्हातारी पडली तर पट्ट्यांची चौकट काय कामाची?

आत काहीतरी धाडकन पडलं.

"मी दार तोडतो," तुळशीराम पुढे सरसावले. जन्मात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी पाडण्याची परवानगी मिळण्यासारखी होती. प्रेमानंदरावांनी त्यांना मधेच अडवलं खरं, पण त्यांचा स्वतःचा खांदा दाराला लागलेला होता. "माय!"

"खबरदार कोनी आत आलं तं!" आतून आवाज आला. "वॉकर पडला! मी नाई पडली!"

हरिओमने हळूच विचारलं, "काका, वॉकर पडला म्हणजे आता त्या कशाला धरून..." आणि तिथेच थांबला. सगळ्यांनाच दांडा आठवला. प्रेमानंदराव दाराला लागलेला खांदा काढून घेऊन सरळ उभे राहिले. डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही. आत पाण्याचा लोंढा गेल्याचा आवाज झाला. हेडमास्तरांनी नकळत टोपी काढली. मग भिंतीला, मग फ्रीजला, मग दिवाणाला हात लागत लागत येणारी पावलं ऐकू आली. वॉकरची टकटक नव्हती. नुसती पावलं.

कडी निघाली. दारात बनाबाई उभ्या होत्या, चौकटीला एक हात टेकवून, धापा टाकत. पदर नीट होता.

तुळशीराम सवयीने पुढे झाले, सावरायला हात लांब करून. अन्नपूर्णाबाईही झाल्या. प्रेमानंदरावांचेही दोन्ही हात पुढे आले होते. बनाबाईंनी ते सगळे हात एकदा नीट बघितले.

"धराचीच हौस असंन कोनाले," त्या म्हणाल्या, "तं आतमंधी दांडा हाय. जा, त्याले धरा."